वस्तीच्या पाण्याचा चहा

चहा बिघडला की लोक पत्तीला शिव्या देतात. पत्ती हलकी, दूध पातळ, साखर कमी, पुन्हा पुन्हा उकळलेला, असे चार आरोप ठरलेले असतात. आठ वर्षं मी ते ऐकले. एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं पाण्याचं नाव घेतलं नाही. कपात अर्ध्याहून जास्त ज्याचा वाटा, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ही गोष्ट फक्त चहापुरती खरी आहे असं मला वाटत नाही. पण आज चहाबद्दलच लिहायचं आहे.

आधी माझ्या भाषेबद्दल एक खुलासा. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील सभांची पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं माझं वाक्य कुणाला तरी जाब विचारायला निघाल्यासारखं येतं. मऊ लिहा, दिवाळीचा अंक आहे, असं मला सुचवण्यात आलं. प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

चहा मी धर्माबादच्या मोंढ्यात शिकलो, इमामचाचाच्या हॉटेलात. आमच्याकडं चार बाकडी आणि एक भट्टी असली की त्याला हॉटेल म्हणतात. इमामचाचा पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. बोलला तर अर्धी दखनी, अर्धी मराठी. आडतीवर आलेले शेतकरी, हमाल, व्यापारी, सगळे त्याच्याकडं यायचे. त्यानं मला पहिले सहा महिने भट्टीला हात लावू दिला नाही. नुसता बघ म्हणाला.

काय बघितलं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पाणी आधी खळखळून उकळू द्यायचं. कोमट पाण्यात पत्ती टाकणारा माणूस नुसता रंग विकतो. आलं ठेचून पाण्यातच उकळायचं, कारण आल्याचा कच्चा रस दुधाला भेटला की दूध नासतं. साखर पाण्यात, पत्ती नंतर. पातेलं दोनदा वर येऊ द्यायचं, दोनदा खाली घ्यायचं. दूध वेगळं तापवायचं आणि कढत चहात कढतच ओतायचं. गाळल्यावर फडकं पिळायचं नाही. पिळलं तर कपभर चहा जास्त निघतो आणि सगळं पातेलं तुरट होतं. पुष्कळ हॉटेलवाले इथंच मोहात पडतात.

आणि या सगळ्याच्या आधी पाणी चाखायचं. रोज. चाचा सकाळी घागरीतलं पाणी ओंजळीत घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि मग ठरवायचा की आज पत्ती किती, दूध किती. खारट पाण्याला साखर वेगळी लागते. जड पाण्यात पत्ती उतरत नाही, वर तवंग धरतो. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास असेल तर ते आदल्या दिवशी उघड्या पातेल्यात ठेवून द्यायचं. ही विद्या कुठं लिहिलेली नाही. मला तिचा फार गर्व होता.

मग दुष्काळ पडला. मोंढ्यात माल येईना. ज्या ओट्यांवर पोत्यांच्या थप्प्या असायच्या तिथं हमाल पालथे पडून राहू लागले. चहाला गिऱ्हाईक उरलं नाही. त्याच सुमारास लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत भरत होत्या, दारांवरच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि पाटीमागं कोण बसतं हे आत बसणाऱ्यालाही नीट ठाऊक नव्हतं. माणसं मात्र सगळ्या तालुक्यांतून येत होती. माणसं आली की चहा लागतो. मी अर्ज लिहिला, चाचानं अंगठा केला आणि एका कचेरीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला कँटीन मिळालं.

कोणती कचेरी ते लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा त्या एका दाराकडं बोट दाखवतो आणि बाकीची दारं सुटतात.

कँटीनमध्ये आम्ही तिघं होतो. मी, चाचा आणि कपबशा धुवायला धुरपतामावशी. ती माझ्या आईची चुलत बहीण. शहराच्या कडेला आमच्या बौद्ध समाजाची वस्ती आहे, तिथं ती सून आणि नातवंडांबरोबर राहायची. सकाळी यायची, मोरीपाशी बसायची, राखेनं कप घासायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची. मी आणि चाचा शेडमध्येच झोपायचो.

परवानगी तीन महिन्यांची होती. ती वाढवणं न वाढवणं कचेरीतल्या बिराजदार भाऊसाहेबांच्या एका टिपणीवर अवलंबून होतं. भाऊसाहेब अव्वल कारकून. कपाळावर भस्माची तीन बोटं, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. चहा बशीत ओतून आधी वास घ्यायचे, मग एक घोट, मग निकाल. त्या उन्हाळ्यात निकाल रोज आमच्या विरुद्ध जात होता. नळाला पाणी यायचं थांबलं होतं. कचेरीचा हौद जवळच्या बोअरच्या पाण्यावर भरायचा आणि ते पाणी खारं होतं. चाचा ते उकळून, निवळून, फडक्यातून गाळून घ्यायचा. तरी एखाद्या दिवशी दूध नासायचंच.

भाऊसाहेबांनी एकदा मला बोलावून शांतपणे सांगितलं की आणखी दोघांचे अर्ज आलेले आहेत. महिनाअखेरपर्यंत चहा सुधारला नाही तर त्यांना काही लिहिता येणार नाही. चाचाला मागं जायला धर्माबादेत काही उरलं नव्हतं. हॉटेलची बाकडीसुद्धा त्यानं विकली होती.

याच दिवसांतलं एक गिऱ्हाईक सांगितलं पाहिजे. निलंग्याकडचे एक आप्पा जमिनीच्या कागदासाठी दर आठवड्याला यायचे. सत्तरीचे, गळ्यात लिंग, हातात स्वतःचा पितळी तांब्या. आमच्याकडं तीन-तीन कप चहा प्यायचे, पण पाण्याचा घोट कधी घेतला नाही. पाणी त्यांच्या तांब्यातलं. मुसलमानाचा हात आणि आमची वस्ती, दोन्ही त्यांना ठाऊक होतं. चहा चालायचा. साखर आणि दूध पडलं की पाण्याची जात जाते, हे शास्त्र कोणी काढलं मला माहीत नाही, पण सगळा मराठवाडा ते पाळतो.

एका दुपारी आप्पांचा तांब्या रिकामा झाला. कचेरीतला रांजण कोरडा. ते आमच्यासमोर येऊन उभे राहिले. ओठ वाळले होते. म्हणाले, एक चहा द्या. पातळ. साखर नको, दूध नको, पत्ती नावाला. आणि गार करून.

मला सगळं समजलं. मी म्हणालो, "आप्पा, पाणी मागा. पाणी देतो."

ते रिकामा तांब्या धरून तसेच उभे राहिले. मीही हललो नाही. मागं रांग थांबली होती. मी बरोबर होतो आणि मला ते फार आवडत होतं. तेवढ्यात चाचानं माझ्या मागून हात घातला, एका मोठ्या कपात गार पाणी घेतलं, चमच्याच्या टोकानं पत्तीचा रंग दिला आणि आप्पांपुढं ठेवला. आप्पांनी तो एका दमात संपवला. दुसरा मागितला. चाचानं तोही दिला.

ते गेल्यावर मी चाचाशी भांडलो. तू अशा लोकांना वाट करून देतोस म्हणून हे चालतं, असं बरंच काही बोललो. चाचा भांडी आवरत राहिला. शेवटी म्हणाला, "प्यासा था बेटा. उसकू बाद में सिखाना."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण तहानलेल्या म्हाताऱ्याला मी ऊन उतरेपर्यंतही उभं ठेवलं असतं, हे मला माझ्याबद्दल कळलेलं आहे.

त्यानंतरच्या एका सोमवारी चहा अचानक चांगला झाला.

पत्ती तीच, दूध तेच. पण पातेलं पहिल्या उकळीला वर आलं तेव्हाच रंग वेगळा होता, तांबूस आणि स्वच्छ. दूध ओतलं, ते मिसळलं आणि टिकलं. भाऊसाहेबांनी बशीचा वास घेतला, घोट घेतला आणि दुसरा कप मागवला. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीतून निरोप आला की चहावाल्याला सांगा, छान. बाजूच्या कचेरीतली माणसं आमच्याकडं येऊ लागली. मी छाती काढून फिरत होतो. हात बसला, असं मी चाचाला म्हणालो.

"हात वोइच है," चाचा म्हणाला. "पानी बदला है."

मी ऐकून घेतलं नाही. कचेरीच्या हौदात आता नवा टँकर येतो आहे, एवढं मला दिसत होतं. कचेऱ्यांना टँकर येतातच. आठ दिवस गेले. रविवारी मी वस्तीवर जायचो, त्या रविवारी गेलो नाही, कारण सोमवारसाठी पत्ती आणायची होती. मावशी रोज येत होती, कप घासत होती आणि जात होती. मी तिला काही विचारलं नाही.

टँकरचा ड्रायव्हर देगलूरकडचा, नरसिमलू. अर्धं तेलुगू बोलायचा आणि सगळ्यांना अण्णा म्हणायचा. नवव्या दिवशी तो चहाला बसला तेव्हा मी त्याला विचारलं की हे कुठलं पाणी. माझ्या मनात स्वार्थ होता. या विहिरीचं एक वेगळं पिंप रोज आमच्या शेडमध्ये उतरवून घेता आला तर काय बहार, असा.

"मळ्यातली विहीर, अण्णा," तो म्हणाला. "सरकारनं घेतली ना दुष्काळात, ती. नीळ्ळु लई गोड. ही खेप तुमच्या वस्तीची हाय. साहेबलोक सांगितले, एक खेप हितं सोड, एक क्वार्टरला सोड. मी सोडतो. मी ड्रायव्हर माणूस."

त्यानं खिशातून खेपेचा कागद काढून सहज पुढं केला. कागद दिसला की मी वाचतो, ती सवयच आहे. वर वस्तीचं नाव होतं. खाली रोजच्या दोन खेपा आणि प्रत्येकीपुढं लिहिलेलं, पोहोचली. शेजारी सही. ते गोल, सुबक अक्षर मी ओळखत होतो. माझ्या परवानगीच्या कागदावर तेच होतं.

त्या क्षणी माझ्या हातात चहाचा कप होता. मी अर्धा प्यालो होतो.

मी मोरीपाशी गेलो आणि मावशीला विचारलं, वस्तीवर टँकर येतो का. ती म्हणाली, न्हाई, आठ-नऊ दिस झालं. हापशाचं पाणी पितात. बाया कचेरीत विचारायला गेल्या होत्या, त्यांना कागद दाखवला की रोज येतो आहे. मी तिला सांगितलं की तो टँकर इथं रिकामा होतो. ती कप घासत राहिली. नंतर एवढंच म्हणाली, "मंग आता काय करतूस?"

मला वाटलं, तिला धक्का बसला.

काय करायचं ते मला लगेच सुचलं. पत्रक. रात्रीतून मजकूर, सकाळी छापखाना, दुपारी चौकात. मी तोंडानं वाक्यं जुळवू लागलो. चाचा म्हणाला, "पर्चा छापेगा, वो लोग पढेंगे, फिर कागद दिखाएंगे. कागद पे तो पानी पहुंच गया है."

ते खरं होतं. त्यांच्याकडं कागद होता, आमच्याकडं तहान होती. तहानेवर सही शिक्का नसतो.

गुरुवारी कचेरीत दुष्काळाची आढावा बैठक होती. विभागाचे मोठे साहेब येणार होते. चाळीस माणसांचा चहा आमच्याकडं सांगितला होता. मी ठरवलं की वस्तीवरच्या हापशाचं पाणी आणायचं आणि त्याचाच चहा करायचा. नासलेला, खारट, तवंग धरलेला. चाळीस कप. पिऊ देत. हे मी चाचाला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता.

चाचानं पातेलं उचललं आणि आपल्या मांडीवर ठेवलं.

"मेरे हाथ से बुरी चाय नई जाएगी," तो म्हणाला. मी म्हणालो, मग मी करतो. तो म्हणाला, "कर. वो लोग पियेंगे, थूकेंगे, बोलेंगे चायवाला नालायक है. पानी का नाम कोई नई लेगा. इतने बरस में किसी ने लिया क्या?"

मी खाली बसलो.

"पानी वोइच ला," चाचा म्हणाला. "चाय मैं बनाता. काली. दूध अलग रख. जिसकू होना, उसके सामने डाल."

मला वाटलं, त्याला समजलं नसेल म्हणून मी विचारलं की यानंतर कँटीन राहणार नाही, हे तुझ्या लक्षात आहे ना. त्यानं उत्तर दिलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. ते पुन्हा विचारायला हवं होतं. जाब विचारायची हौस असलेल्या माणसानं त्या दिवशी एक प्रश्न नेमका कमी विचारला, कारण उत्तराची भीती वाटली.

गुरुवारी सकाळी मी सायकलच्या कॅरियरला दोन डबे बांधून वस्तीवर गेलो. मावशीच्या सुनेनं हापसा मारून डबे भरून दिले. कशाला ते तिनं विचारलं नाही. तिचे ओठ फुटलेले होते.

शेडमध्ये चाचानं पाणी उकळलं, निवळू दिलं, गाळलं. आलं टाकू दिलं नाही. लिंबू नको म्हणाला. दूध सकाळचं ताजं घ्यायला लावलं आणि नीट तापवलं. आपण काही केलं असं कुणाला म्हणता येता कामा नये, असा त्याचा हट्ट. मग आम्ही एका कपात दूध घालून पाहिलं. नासलं. पुन्हा खात्रीसाठी दुसऱ्या कपात घातलं. ते नासलं नाही.

आम्ही दोघं त्या दुसऱ्या कपाकडं बघत बसलो. थोडा गढूळ रंग, पण चहा दिसत होता. कुणीही प्याला असता. चाचाला विचारलं, आता? तो म्हणाला, पाणी आपलं काम करील नाहीतर नाही करणार. आल्याचा रस चार थेंब टाकला असता तर खात्री झाली असती. आल्याचा तुकडा माझ्या हाताशीच होता. चाचानं तो उचलून खिशात घातला.

अकराला भाऊसाहेब घाईघाईनं शेडमध्ये आले. किटलीत वाकून बघितलं आणि दूध कुठाय म्हणाले. वेगळ्या किटलीत आहे, ज्यांना जसं हवं तसं, असं मी सांगितलं. मोठ्या हॉटेलांत असंच देतात, असंही जोडलं. ते खूश झाले. त्यांच्या सदऱ्याला घामाचा डाग पडला होता. चला, म्हणाले.

सभागृहात भिंतीवर नवीन जिल्ह्याचा नकाशा लावला होता. मोठे साहेब मधोमध बसले होते, चष्मा नाकावर उतरलेला. कुणी तरी आकडे वाचत होतं. वस्त्यांना होणारा पाणीपुरवठा समाधानकारक आहे, असं वाक्य मी आत शिरत असताना ऐकलं. मी कप मांडत गेलो. काळा चहा. चाचानं असा काही केला होता की जड पाण्याचासुद्धा वास सुटला होता. दोघा-तिघांनी तसाच उचलला.

साहेबांनी कपात बघितलं. "दूध नाही?"

"आहे साहेब," म्हणून मी दुसरी किटली पुढं केली.

दूध पडलं. चहाला रंग आला. चांगल्या चहासारखा. दूध टिकलं, आता काय बोलणार, असं माझ्या मनात आलं. भाऊसाहेबांनी मला जा अशी खूण केली. मी गेलो नाही. कपाच्या कडेनं आधी एक पांढरा कण वर आला. मग दुसरा. मग सगळा कप दाणेदार झाला आणि खाली पिवळट पाणी उरलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"या पाण्यात दूध टिकत नाही, साहेब."

"मग दुसरं पाणी घ्यायचं. कचेरीत पाणी नाही का?"

"आहे. कचेरीच्या हौदात गोड पाणी आहे. ते वस्तीचं आहे. हे वस्तीवरच्या हापशाचं आहे. अकरा दिवस तिथले लोक हेच पितात."

मी आणखी वीस वाक्यं पाठ करून आलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही. आकडे वाचणारा थांबला होता. भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, हा पोरगा," आणि पुढं त्यांनाही शब्द सापडला नाही.

साहेबांनी नासलेला कप बाजूला सारला. दुसरा काळा कप ओढून घेतला. हळूहळू, पूर्ण प्यायले. चाळीस माणसं ते पिणं बघत होती. कप खाली ठेवून त्यांनी टँकरचं रजिस्टर मागितलं आणि ड्रायव्हर कोण आहे त्याला बोलवा म्हणाले. मला म्हणाले, "तुम्ही जा."

बाहेर व्हरांड्यात नरसिमलू घामाघूम उभा होता. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, पण त्याला बोलवणार हे मला आधी सुचलं नव्हतं. तो आत गेला आणि जे होतं ते त्यानं सांगितलं, असं नंतर कळलं. शुक्रवारी वस्तीवर दोन्ही खेपा गेल्या. त्यानंतरही जात राहिल्या. टँकरवर नरसिमलूलाच ठेवलं होतं. एवढं बरं झालं.

संध्याकाळी भाऊसाहेब शेडपाशी आले. आत आले नाहीत. "सोनकांबळे," ते म्हणाले, "चहा उत्तम होता. तुमचं काम तेवढंच होतं." मी म्हणालो, सही तुमची होती. ते म्हणाले, "तोंडी हुकूम कुणाचा होता ते तुम्ही विचारलं नाही. मलाही विचारता आलं नाही." आणि गेले. पुढं त्यांची बदली झाली. ज्यांचा तोंडी हुकूम होता त्यांची झाली नाही.

महिनाअखेर कागद आला. चहाचा दर्जा समाधानकारक नसल्यानं परवानगी वाढवता येत नाही. मी तो कागद चाचाला वाचून दाखवला. पहिल्यांदाच तो दुखावलेला दिसला. कँटीन गेल्याचं त्याला काही वाटलं नाही. दर्जा हा शब्द त्याला लागला. ते काय म्हणतात, पुन्हा वाच, असं त्यानं दोनदा विचारलं. मग नांदेडला मुलीकडं जातो म्हणाला. जावयाच्या घरी राहणं त्याला मरणाहून वाईट वाटायचं, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी चाचा बसच्या चौकशीला गेला होता. मावशी मोरीपाशी उरलेले कप धूत होती. मी पोत्यात भांडी भरत होतो आणि मनातून थोडा फुललेलोही होतो. वस्तीवर लोक मला थांबवून बोलत होते. मी मावशीला म्हणालो, एवढ्या मोठ्या कचेरीत पाणी ओळखणारा कुणी निघाला नाही बघ. आम्ही चहावाले म्हणून कळलं, तेही नऊ दिवसांनी.

मावशीनं मान वर केली नाही.

"म्या पयल्याच दिशी वळखलं," ती म्हणाली. "खाऱ्या पाण्यात कप धुतला की वाळल्यावर पांढरा डाग ऱ्हातो. सोमवारी डाग ऱ्हायला न्हाई. चाखून बघितलं. मळ्यातल्या विहिरीचं. आमाला येत व्हतं की ते."

मी पोतं खाली ठेवलं. मग बोलली का नाहीस, असं विचारलं.

"मला वाटलं, तुला म्हाईत हाय. तू शिकल्याला मानूस. तुझा चहा लई नावाजून राहिले व्हते, तू खूश व्हतास. वाटलं, ह्याला कळलंय आन ह्यो गप हाय, मंग आपून कशाला बोलावं."

तिनं कप पालथा घातला. दुसरा घेतला. तो धुतलेलाच होता, तरी पुन्हा घासायला लागली.

"आन दुसरं काय सांगू, बाबा. मी हितं पोटभर पीत व्हते. घरला गेल्यावर सुनंच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. पर सकाळी आले की पीत व्हते."

शेडच्या पत्र्याला ऊन लागून तो तडतडत होता. मी तिच्यासमोर मोरीच्या कडेला बसलो.

"मी पण पीत होतो, मावशी," एवढंच म्हणालो आणि तिच्या हातातला कप घेऊन विसळायला लागलो.